पोटात गेलेल्या गोळीचे पुढे काय होते?

शाहूवाडी तालुक्यातील एका ताईंचे पत्र या सदराकडे आले आहे. त्यांचे मालक ऊसतोडीला जातात आणि पावसाळ्यात भातलावणीला. कंबर दुखते म्हणून ते रोज दुखण्याची गोळी घेतात, आणि त्या गोळीने पोटात जळजळते म्हणून तिच्याबरोबर ॲसिडिटीची दुसरी. सासूबाईंना लिव्हरचा आजार आहे. त्यांना कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक गोड पातळ औषध दिले होते, पण त्याने शौचाला पातळ होऊ लागल्यामुळे घरच्यांनी ते थांबवले. शिवाय शेजारच्या वाडीत कावीळ आली असून लोक माळ घालून घेण्यासाठी जात आहेत, तेव्हा आपणही जावे काय, असे ताईंनी विचारले आहे.

प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींचे उत्तर एकाच वाटेने जाते. आपण औषध गिळतो तेव्हा ते शरीरात नेमके कोठे जाऊन काय करते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, मेडिकलवाल्याला गिऱ्हाईक असते आणि विचारायला आपल्याला संकोच वाटतो. म्हणून आज आपण गोळीच्या पाठोपाठ पोटात उतरून पाहू.

जठराच्या अस्तरात आम्ल तयार करणाऱ्या पेशी असतात. दिवसाकाठी दीड-दोन लिटर जाठररस तयार होतो. हे आम्ल कामाचे आहे. ते अन्नातील प्रथिने पचायला मदत करते आणि पाण्या-अन्नातून आलेले पुष्कळसे जंतू मारते. जठराची स्वतःची भिंत त्याने भाजत नाही, कारण तिच्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. ही दोन माणसे, आम्ल आणि थर, ध्यानात ठेवा. पोटाच्या बहुतेक औषधांचे काम या दोघांशीच आहे.

बाटलीतून मिळणारे पांढरे-गुलाबी पातळ औषध हे सर्वात साधे. त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ते जठरात तयार झालेल्या आम्लाशी मिसळतात आणि त्याचा जोर मोडतात. पाच-दहा मिनिटांत बरे वाटते, पण आम्ल तयार होणे चालूच असल्यामुळे उपाशी पोटी घेतले तर अर्ध्या-पाऊण तासात औषध संपते. नुसत्या मॅग्नेशियमने जुलाब होतात आणि नुसत्या ॲल्युमिनियमने शौचाला घट्ट होते, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. खाण्याचा सोडाही हेच काम करतो. त्यातून वायू निघतो, ढेकर येतो आणि माणसाला वाटते रोग गेला. पण सोड्यात सोडियम असते, म्हणून ब्लडप्रेशरच्या माणसाने त्याची सवय लावू नये. गरोदर भगिनींनी आणखी एक गोष्ट पाळावी. आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी आणि हे पातळ औषध एकत्र घेतले तर लोह अंगी लागत नाही. दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे. चहाबरोबर घेतलेल्या लोहाच्या गोळीचीही तीच गत होते.

आता ताईंच्या मालकांची ॲसिडिटीची गोळी. ती बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असणार, सरकारी दवाखान्यातही हीच मिळते. तिचा प्रवास मोठा मजेचा आहे. जळजळ जठरात, म्हणून गोळी जठरातच काम करीत असेल असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती जठरात विरघळूच नये म्हणून तिच्यावर वेष्टन दिलेले असते. ती पुढे लहान आतड्यात जाते, तेथे विरघळते, रक्तात शिरते आणि रक्तावाटे मागे फिरून जठराच्या आम्ल करणाऱ्या पेशींत पोहोचते. त्या पेशींत आम्ल बाहेर टाकणारे बारीक पंप असतात. गोळी त्या पंपाला चिकटते आणि तो बंद पाडते. शरीर नवा पंप तयार करीपर्यंत आम्ल कमी राहते.

ही वाट समजली की सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. गोळी चावायची वा कुटायची नाही, कारण वेष्टन फुटले तर आम्ल तिलाच खाऊन टाकते. जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, कारण अन्न आले की पंप चालू होतात आणि चालू असलेला पंपच ती बंद करू शकते. भरल्या पोटी, रात्री झोपताना आठवण झाली म्हणून घेतली तर निम्मा उपयोग वाया जातो. पूर्ण गुण यायला दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे एका गोळीने काही झाले नाही म्हणून लगेच दुसरी घेण्यात अर्थ नाही. आणि वर्षानुवर्षे डॉक्टरांना न विचारता घेणेही बरे नव्हे. आम्ल कमी झाल्याने जंतूंना वाट मोकळी होते, आणि ब-१२ हे जीवनसत्त्वही नीट शोषले जात नाही.

या पंप बंद करणाऱ्या गोळ्यांच्या आधी रॅनिटिडिन घरोघर होती. शरीरातील हिस्टामीन हे द्रव्य आम्ल करणाऱ्या पेशींना 'आम्ल सोडा' असा निरोप देते, तो निरोप ही गोळी अडवते. निरोप अडवण्याची ही युक्ती शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. पुढे रॅनिटिडिनमध्ये कर्करोगाची शंका असणारे एक द्रव्य आढळले, आणि अमेरिकेने २०२० साली ती बाजारातून काढायला लावली. तिच्याच जातीची फॅमोटिडीन आता वापरात आहे.

हे झाले आम्लाचे. पण मालकांच्या पोटात बिघाड आम्लाने केलेला नाही, तो कंबरेच्या गोळीने केला आहे. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याची निर्मिती थांबवतात. हेच द्रव्य सांध्यात वेदना आणि सूज आणते, म्हणून दुखणे थांबते. परंतु जठरात हेच द्रव्य तो संरक्षक थर टिकवून धरते. गोळीला कंबर आणि जठर यांतला फरक कळत नाही. थर विरला की आम्ल थेट भिंतीवर पडते, तेथे जखम होते, आणि तिलाच आपण अल्सर म्हणतो. गोळीऐवजी इंजेक्शन घेतले म्हणजे पोटाला धोका नाही, ही आपल्याकडची फार पक्की समजूत आहे. ती चुकीची आहे. इंजेक्शनचे औषध रक्तातून जठराच्या भिंतीपर्यंत पोहोचतेच. उपाशी पोटी घेतली नाही म्हणजे झाले, हेही अर्धेच खरे.

ॲसिडिटीची गोळी जोडीला घेतल्याने अल्सरचा धोका कमी होतो, आणि ज्यांना दुखण्याची गोळी टाळताच येत नाही अशा वयस्कर माणसांना डॉक्टर दोन्ही एकत्र देतातही. पण रोज जळजळ दाबून रोज दुखण्याची गोळी खाणे म्हणजे धूर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेणे झाले. शिवाय या गोळ्या मूत्रपिंडालाही त्रास देतात, आणि ज्याला उन्हात ऊस तोडताना पाणी प्यायला मिळत नाही त्याला तर अधिक. कंबरेसाठी लावायचे मलम, शेक, दोन दिवस ओझे कमी करणे आणि गरजेपुरती पॅरासिटामॉल, एवढ्यावर भागते काय ते आधी पाहावे. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी झाली किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली तर जठरात रक्त वाहत आहे असे समजून त्याच घटकेला मलकापूरचे ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापूरचे सीपीआर गाठावे. लोहाच्या गोळीनेही शी काळसर होते, पण ती चिकट डांबरासारखी नसते.

एक अल्सर असा असतो की दुखण्याची गोळी न घेताही होतो आणि बरा होऊन पुन्हा उलटतो. तिखट आणि चिंता यांना त्याबद्दल पिढ्यान्‌पिढ्या दोष दिला गेला. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरी रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांनी १९८२ साली जठरात राहणारा एक जंतू वेगळा करून दाखवला. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन घेतले आणि आपल्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळाले. या अल्सरला पंप बंद करणाऱ्या गोळीबरोबर जंतूनाशके साधारण चौदा दिवस घ्यावी लागतात. चार दिवसांत बरे वाटले म्हणून सोडली तर जंतू राहतो. आपल्या खर्ड्याने अल्सर असलेल्याला झोंबेल खरे, पण अल्सर तो निर्माण करीत नाही.

जठराच्या पुढे लहान आतडे. जुलाबात शरीरातले पाणी आणि क्षार येथून निसटतात, आणि लहान मूल जंतूंपेक्षा पाणी संपल्यामुळेच दगावते. आतड्याच्या अस्तरात एक दार असे आहे की ज्यातून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते. कॉलऱ्यासारख्या भयंकर रोगातही हे दार उघडे राहते. नुसते पाणी पाजले तर ते बरेचसे वाहून जाते. योग्य प्रमाणात मीठ-साखर घातलेले पाणी त्या दारातून आत खेचले जाते. सगळी किमया एवढीच. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रोग्यांना पाजवले. शंभरातले तीसच्या आसपास माणसे मरत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आले. २०२२ च्या ऑक्टोबरात ते वारले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

ओआरएसची सरकारी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी एका फुलपात्रात असा अंदाजपंचे हिशेब करू नये. घट्ट केले तर जुलाब वाढतात, पातळ केले तर उपयोग होत नाही. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपली मीठ घातलेली भाताची पेजही चांगली, कारण भाताचे पिष्ट आतड्यात हळूहळू ग्लुकोजच होते. त्यासोबत मुलाला झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. आतड्याचे अस्तर भरून यायला त्यांची मदत होते, म्हणून जुलाब थांबल्यावरही त्या पुऱ्या कराव्यात. दुकानात 'ओआरएस' हे नाव छापलेली गोड पेये बरीच वर्षे विकली गेली. त्यांत साखर भारी आणि क्षार कमी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे नाव पेयांना वापरण्यास मनाई केली. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे काय ते वाचूनच घ्यावी.

जुलाब 'बांधणारी' लोपेरामाइडची गोळी आतड्याची हालचाल मंद करते. मोठ्या माणसाला एस.टी.चा लांबचा प्रवास करायचा असेल तर ठीक. पण शीतून रक्त जात असेल किंवा ताप असेल तर ती घेऊ नये, कारण बाहेर पडू पाहणारे जंतू तिने आतच कोंडले जातात. लहान मुलांना तर ती मुळीच देऊ नये. मेट्रोनिडाझोलची कडू गोळी आवेच्या अमीबासारख्या जंतूंच्या आत शिरून त्यांचा नाश करते, प्रत्येक जुलाबावर ती चालत नाही. तिने तोंडाला धातूची चव येते आणि कधी लघवी तांबूस होते. ती पाहून कावीळ झाली म्हणून घाबरलेली माणसे असतात.

आतड्यातून शोषलेले सगळे, मग ती भाकरी असो, दारू असो की गोळी, एका मोठ्या रक्तवाहिनीने आधी यकृतात जाते. यकृत म्हणजे लिव्हर. त्याचे वजन सव्वा-दीड किलो भरते आणि मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त त्यातून जाते. औषधाचे रूप बदलणे, विष निकामी करणे ही त्याची कामे. पॅरासिटामॉलचेच घ्या. तिचा थोडासा भाग यकृतात विषारी होतो आणि यकृत आपल्याजवळच्या एका साठ्यातून तो लगेच निकामी करते. मोठ्या माणसाने दिवसात ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडली तर तो साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. रोज दारू घेणाऱ्याचा साठा आधीच रिता असतो, त्याने निम्म्यावर थांबावे. सर्दीच्या तयार गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ती नकळत मोजणीत वाढते.

आता कावीळ. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. मेल्यावर त्यांतून पिवळे द्रव्य निघते, ते यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. यकृत आजारी पडले की ते रक्तात साठते आणि डोळे पिवळे होतात. म्हणजे कावीळ हे लक्षण झाले, तिच्यामागचा रोग शोधावा लागतो. पावसाळी साथीत तो बहुधा पाण्यातून आलेला 'ए' किंवा 'ई' विषाणू असतो. आपला जिल्हा याला सरावलेला आहे. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ पसरली, तिचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने केला. त्या वेळी ठाऊक असलेल्या 'ए' आणि 'बी' विषाणूंची ती नव्हती, ज्याला पुढे 'ई' नाव मिळाले त्याची होती. २०१२ साली इचलकरंजीत पुन्हा तीच गोष्ट घडली आणि माणसे दगावली. शाहूवाडीच्या डोंगरातून निघणारी कासारी पुढे पंचगंगेलाच मिळते. वरच्या अंगाला राहणाऱ्यांचे पाणी शुद्धच, असे मात्र समजू नये. झऱ्याच्या वर शौचाला बसणारे असले तर डोंगरातही तोच विषाणू.

या काविळीवर विषाणू मारणारे औषध साध्या रोग्याला लागत नाही. यकृत स्वतःला दुरुस्त करते, आणि चार ते सहा आठवड्यांत बहुतेक माणसे बरी होतात. माळवाल्याचे भांडवल नेमके हेच. त्याने काहीही केले तरी शंभरातले बहुतेक बरे होणारच असतात, आणि श्रेय त्याच्या खात्यावर पडते. माळ लांब होते ती ओल्या काड्या वाळून आकसल्यामुळे आणि दोरा सैल पडल्यामुळे, काविळीचा आणि तिचा काही संबंध नाही. माळेने निदान नुकसान तरी होत नाही. पण नाकात कडू रस पिळणे, दंडावर डाग देणे, कसली मुळी वाटून पाजणे यांनी होते. 'झाडपाला आहे, अपाय काय होणार?' असे म्हणणाऱ्यांनी मुंबईचा अनुभव पाहावा. करोनाच्या काळात, २०२० च्या अखेरीस, गुळवेलीचे काढे घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे तेथील डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही, पण आधीच आजारी असलेल्या यकृतावर हा प्रयोग कशाला करायचा? 'लिव्हरचे टॉनिक' म्हणून खपणाऱ्या बाटल्यांनी ही कावीळ लवकर जाते असा भक्कम पुरावा नाही. ते पैसे अंडी, डाळ आणि जळणाला घालावेत, म्हणजे पाणी खळखळून उकळता येईल. तेल-हळद बंद करण्याचे कारण नाही. रस्त्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस मात्र काविळीचे औषध नसून कधीकधी काविळीचे मूळच असतो.

पण घरी थांबायचे कोणी, हे नीट समजून घ्या. गरोदर बाईला 'ई' विषाणूची कावीळ झाली तर शेवटच्या तीन महिन्यांत चारपाचांतील एक दगावू शकते. तिला माळेकडे नेण्यात गेलेला एक दिवसही फार आहे. डोळे पिवळे दिसताच थेट सीपीआर. कोणालाही सारखी उलटी, झापड, असंबद्ध बोलणे, नाका-हिरड्यांतून रक्त, अशी लक्षणे दिसली तरी तसेच. क्षयाच्या गोळ्या चालू असणाऱ्याने एक भेद ओळखावा. त्या गोळ्यांनी लघवी तांबडी-नारिंगी होते, ते ठीक आहे. डोळे पिवळे झाले, जेवण नकोसे झाले तर त्याच दिवशी क्षयरोगाच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण त्या औषधांनी यकृताला सूज येऊ शकते. वाडीतल्या साथीसाठी ग्रामपंचायतीकडे टीसीएल पावडरीचा आग्रह धरा. ज्याचे डोळे आज पिवळे झाले त्याने ते पाणी महिना-दीड महिन्यापूर्वी प्यायलेले असते. म्हणजे रोगी दिसू लागेपर्यंत पुढच्यांच्या पोटात विषाणू गेलेला असतो, आणि 'आपल्या घरी कोणी नाही' हा हिशेब फसवा ठरतो.

सासूबाईंच्या औषधाचे राहिले. ते गोड पातळ औषध बहुधा लॅक्टुलोज असावे. बद्धकोष्ठाला देतात तेच. आतड्यातील जंतू प्रथिनांपासून अमोनिया तयार करतात. चांगले यकृत तो निकामी करते, पण कठीण झालेले, आकसलेले यकृत करू शकत नाही. मग तो मेंदूपर्यंत जातो. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात थरथरतात, मीठ-साखरेचे डबे ओळखत नाही आणि शेवटी बेशुद्ध होतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली. लॅक्टुलोज आपल्याला पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते, तेथे आम्लता येते, अमोनियाचे रूप बदलून तो आतच अडकतो आणि शीवाटे बाहेर जातो. सासूबाईंना दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौचाला होणे हा औषधाचा अपाय नाही. डॉक्टरांना तेच हवे होते. पाच-सहा वेळा पाण्यासारखे होऊ लागले तर मात्रा कमी करायची, बाटली फेकायची नाही. ताई, डॉक्टरांना विचारून ते औषध याच आठवड्यात पुन्हा सुरू करा. सोबत कमी वेळा ठोके पडावेत अशी 'ब्लडप्रेशरची' प्रोप्रॅनोलोल आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर तीही सासूबाईंना ब्लडप्रेशर नाही म्हणून काढू नका. पहिली यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब कमी करून रक्ताची उलटी टाळते, दुसरी पोटात साठणारे पाणी उतरवते.

रक्तातून पसरणाऱ्या 'बी' आणि 'सी' काविळीविषयी, तिच्या मोफत तपासणीविषयी आणि बाळाला जन्मताच द्यायच्या लसीविषयी पुढील अंकात.